सॉफ्टवेअरमध्ये काय हवं ते ठरवायला काय बरं: सही घेतलेलं रिक्वायरमेंट डॉक्युमेंट (काय काय हवं याची लेखी यादी) की दर पंधरा दिवसांनी डेमो?

कारखान्याच्या ईआरपीत (हिशेब, माल, बिलं सांभाळणारं सॉफ्टवेअर) ई-इनव्हॉइस, म्हणजे जीएसटीसाठी सरकारी पोर्टलवर नोंदवलेलं बिल, जोडायचं आहे, असं धरू.

डॉक्युमेंटच्या वाटेत अकाउंट्स, डिस्पॅच आणि आयटी साठेक पानांवर सह्या करतात. त्यात एक ओळ असते: 'बिल रद्द करण्याची सोय हवी.' आयटी बटण देतं. पण पोर्टलवर ई-इनव्हॉइस २४ तासांतच रद्द होतं, तेही पूर्ण. एखादी ओळ वगळता येत नाही आणि तोच बिल नंबर पुन्हा वापरता येत नाही. २४ तासांनंतर बहुतेक वेळा क्रेडिट नोट (बिलाची रक्कम कमी करणारा कागद) काढावी लागते. हे यूएटीत, म्हणजे वापरणाऱ्यांच्या शेवटच्या चाचणीत, सिस्टिम सुरू होण्याच्या आठवडाभर आधी कळतं. मग 'तुम्ही सांगितलंच नाही' आणि 'तुम्ही सही केलीत' सुरू होतं. सही भांडणात कामी येते, विश्वासासाठी नाही.

डेमोत बिलं करणाऱ्यालाच कीबोर्ड द्या आणि मागच्या महिन्यातली दहा खरी बिलं टेस्ट सर्व्हरवर टाकायला लावा, त्यांत परत आलेला माल आणि चुकीचा जीएसटी नंबर हवाच. बिलातली एकच ओळ रद्द होत नाही हे पहिल्याच डेमोत दिसतं. मात्र मॅनेजर 'छान, छान' म्हणून उठले, तर डेमो वाया. शिवाय महिनाअखेरीला अकाउंट्सला बोलावू नका. कोणी येणार नाही.

बाहेरचा व्हेंडर ठरावीक रकमेत काम करत असेल तर डॉक्युमेंट लागतंच, पण दहा पानांचं. घरच्या टीमला डेमोच बरा. बदल कोणी मागितला, किती दिवस वाढले, एवढं त्याच दिवशी मेलवर टाका.