शहाजिरं की शेपू? नागपूरच्या गच्चीवर काय लावायचं

कोजागिरी झाली की गच्चीवरच्या कुंड्या भरायची घाई सुरू होते, आणि दरवर्षी कोणी ना कोणी विचारतंच की घरच्या मसाल्यासाठी शहाजिरं लावून बघू का. मी तीन हिवाळे लावलंय. शेजारच्याच कुंडीत, त्याच मातीत शेपू पण होता, त्यामुळे दोन्हीचं सांगू शकतो.

शेपूच काहून, ओवा किंवा बडीशेप काहून नाही, तर वासामुळे. शहाजिऱ्याचा जो खास वास आहे तो मुख्यतः कार्व्होन नावाच्या सुगंधी घटकाचा, आणि शेपूच्या बियांत, म्हणजे आपल्या बाळंतशेपेत, तोच कार्व्होन असतो. पानांत नाही बरं का, बियांत. पानांचा वास वेगळा, तो ज्याला आवडतो त्याला आवडतो. दोन्ही बिया तळहातावर चोळून बघा, नातं लगेच कळतं. शहाजिरं जास्त गोलसर आणि खोल, बाळंतशेप थोडी हिरवट, तीक्ष्ण.

बियाणं मिळण्यापासूनच फरक सुरू होतो. बाळंतशेप किराण्यातून आणली, पेरली, आठ-दहा दिवसांत कोंब वर. शहाजिऱ्याचं तसं नाही. इतवारी बाजारात शहाजिरं म्हणून जे मिळतं ते कधी खरं शहाजिरं असतं, कधी हिमालयातलं काळं जिरं, जे बारीक आणि जास्त काळपट दिसतं. ते झाडच वेगळं, जमिनीत कंद धरतं, फुलायला तीन-चार वर्षं घेतं आणि थंडी खाल्ल्याशिवाय रुजत नाही. माझ्या पहिल्या वर्षीच्या किराण्यातल्या बियांनी महिनाभर काहीच दाखवलं नाही, आता वाटतं तेच असावं. दुसऱ्या वर्षी ऑनलाइन पाकीट मागवलं तेव्हा अठराव्या दिवशी हिरवं दिसलं.

कुंडीचं म्हणाल तर दोघांनाही उपटून दुसरीकडे लावलेलं आवडत नाही, मूळ सरळ खाली जातं, म्हणून जिथे वाढवायचं तिथेच पेरायचं. आपली काळी माती एकटी नको, पाणी धरून बसते आणि सुकली की भेगा पडतात, मी अर्धी माती, बाकी रेती आणि जुनं शेणखत घेतो. शहाजिऱ्याला कुंडी फूटभर खोल तरी पाहिजे.

आता खरा मुद्दा. शहाजिरं दोन वर्षांचं झाड आहे. पहिल्या हिवाळ्यात फक्त पानं, गाजरासारखी बारीक चिरलेली, जमिनीलगत गोल पसरलेली, दिसायला फार सुंदर. मग मुळाने थंडी खायची आणि दुसऱ्या वर्षी दांडा वर जाऊन छत्रीसारखी पांढरी फुलं, मग बी. फिनलंडमध्ये हे शेताच्या शेत पिकतं, तिथे मधला उन्हाळा म्हणजे झाडाला सुखच. आपल्याकडे मधे येतो मे महिना.

मी ते झाड वाचवायला काय काय केलं. मार्चअखेर कुंडी गच्चीवरून खाली आणली, एप्रिलमध्ये कूलरच्या मागे गार ओल असते तिथे सरकवली, सकाळ-संध्याकाळ पाणी, वरून ओलं गोणपाट. पारा पंचेचाळीसवर गेला तरी ते जिवंत होतं आणि मला खूप आशा वाटून राहिली होती. मग अमरावतीला साळ्याच्या मुलीचं लग्न, चार दिवस घर बंद, कूलर बंद. आलो तेव्हा नवतपा लागला होता आणि पानं कागदासारखी चुरत होती. पुढच्या वर्षी शेजारच्या काकूंना चावी देऊन गेलो, त्यांनी मनापासून पाणी घातलं, झाड उन्हाळ्यातून निघालं सुद्धा, आणि जुलैच्या झडीत मूळ सडलं. एका चमचाभर बियांसाठी अख्खं घर उन्हाळाभर एका कुंडीला बांधून ठेवायचं, हेच मला जमेना. बाकी सगळं मी सहन केलं असतं.

एका वर्षात फुलणाऱ्या जातीही असतात, त्यांचं बी खात्रीचं मिळालं तर तुमचा अनुभव वेगळा येऊ शकतो, मी त्या लावलेल्या नाहीत. आणि चिखलदऱ्याला कोणी नातेवाईक असतील तर तिथल्या हवेत जरूर करून बघावं. नागपुरात जानेवारीत काही रात्री छान गारठतात, पण शहाजिऱ्याला अशी थंडी आठवडेच्या आठवडे सलग लागते.

शेपू मात्र आपल्या हिवाळ्यात बरोबर बसतो. ऑक्टोबरअखेर पेरला की डिसेंबरात मुगाच्या डाळीसोबत भाजी, चार-पाच झाडं न कापता सोडली की जानेवारीत पिवळ्या छत्र्या, आणि ऊन तापायच्या आत, फेब्रुवारी-मार्चमध्ये बी तयार. फुलांवर मावा येतो, पण पाण्याचा जोरदार फवारा मारला की बराच जातो, आणि थोडा राहिला तर लेडीबर्ड किडे येऊन खातात, म्हणून मी औषध मारत नाही. छत्र्या तपकिरी झाल्या की सकाळीच कापायच्या, दुपारच्या वाऱ्यात बी झडतं. कागदी पिशवीत उलट्या टांगून ठेवल्या की आठवड्यात काम झालं. दोन कुंड्यांतून मला चहाचा कप भरून बी मिळालं.

स्वयंपाकात मात्र शहाजिरं ते शहाजिरं, हे मान्य करावंच लागेल. पाटोडीच्या रश्श्याला आम्ही जो मसाला भाजतो त्यात दगडफुलाशेजारी बाळंतशेप टाकून बघितली, आई एका घासात म्हणाली, हे काय घातलंस रे. पुलावातही नाही चालली. पण कोबीच्या फोडणीत, उकडलेल्या बटाट्याच्या भाजीत, खाऱ्या शंकरपाळ्यांच्या पिठात ती इतकी चांगली लागते की आता तिथे शहाजिरं घालावंसं वाटत नाही. तसंही पन्नास ग्रॅम शहाजिरं आमच्या घरी वर्षभर पुरतं, तेवढं विकत आणायला काहीच हरकत नाही. ताज्या बाळंतशेपेची गोष्ट वेगळी, बहिणीच्या बाळंतपणात घरची दिली होती, ओवा आणि सुक्या खोबऱ्यासोबत भाजून, तेव्हा ती म्हणाली होती की दुकानातल्या शेपेला असा वास कधी आलाच नाही.

ज्यांना पानांसाठीच शहाजिरं लावायचंय त्यांनी एक हिवाळा जरूर लावावं, कोवळी पानं वरणावर छान लागतात, आणि मार्चमध्ये उपटलं तर मूळही गाजरासारखं शिजवून खाता येतं. माझ्या खोल कुंडीत मात्र यंदा शेपूच जाणार आहे. गेल्या मार्चमध्ये गच्चीच्या कोपऱ्यात झडलेलं बी पाऊस थांबल्यावर आपोआप उगवलंय, ती रोपं मी हलवणार नाही, तिथेच वाढू देणार आहे.