‘भाडेकरू किट’च्या नावाखाली साडेसात हजारांना चुना (जळगाव)

जळगावात किंवा आसपास भाड्याने राहत असाल आणि नवीन वॉशिंग मशीन किंवा डिशवॉशर जोडून घ्यायचं असेल, तर आधी हे वाचा. पैसे गेले त्याचं वाईट वाटतंच. पण जास्त संताप याचा येतो, की भाडेकरूला घरमालकाचा धाक असतो हे त्या माणसाने दारात पाऊल टाकताच हेरलं आणि त्याच धाकावर एकेक वस्तू आमच्या गळ्यात मारली.

आम्ही पिंप्राळ्याकडे एका छोट्या फ्लॅटमध्ये राहतो. दोघंही नोकरीवाले. (नवरा केळीच्या व्यवहारात आहे. केळीचा चीक एकदा वाळला की महागातल्या मशीनलाही दाद देत नाही, त्या आशेवर कोणी मशीन घेऊ नका.) दिवाळीच्या ऑफरमध्ये फ्रंट लोड मशीन आणि ओट्यावर बसणारा छोटा डिशवॉशर, दोन्ही एकदम घेतले. दुकानदार म्हणाला, कंपनीचा माणूस स्वतः फोन करेल. वाट पाहिली, फोन नाही. मग नवऱ्याने नेटवर कंपनीचं नाव आणि ‘कस्टमर केअर जळगाव’ असं टाकलं आणि सगळ्यात वर आलेला नंबर लावला. बोलणारी बाई अगदी कंपनीतल्यासारखी. “इन्स्टॉलेशन फ्री आहे सर, फक्त मटेरियल लागलं तर त्याचे पैसे.”

दुसऱ्या दिवशी गळ्यात ओळखपत्र, पाठीला काळी बॅग असा एकजण हजर. बोलायला गोड. “ताई, घर स्वतःचं की भाड्याचं?” हा त्याचा पहिला प्रश्न. मला वाटलं, सहज विचारतोय.

त्याने मशीन जागेवर ठेवलं, पाइप लावला आणि रिकामंच स्पिनवर टाकलं. अहो, मशीन अक्षरशः नाचत नाचत भिंतीपर्यंत गेलं! तो शांतपणे म्हणाला, “भाड्याच्या बिल्डिंगमध्ये फरशी पोकळ असते, ताई. खालचे लोक मालकाकडे तक्रार करतील. फरशी तडकली तर डिपॉझिटमधून कापतील.” लगेच बॅगेतून फोल्डिंग स्टँड निघालं, २,२०० रुपये. स्टँडवर थरथर थोडी कमी वाटली, कारण यावेळी त्याने स्पिनचा वेगच कमी ठेवला होता.

खरी गोष्ट नंतर कळली. फ्रंट लोड मशीनच्या मागच्या बाजूला वाहतुकीचे बोल्ट असतात, आमच्या मशीनला चार होते. प्रवासात ड्रम हलू नये म्हणून तो त्यांनी आवळून ठेवलेला असतो. मशीन चालू करण्याआधी ते काढायचेच असतात, नाहीतर कितीही पक्क्या फरशीवर ते असंच उड्या मारणार. या माणसाला ते माहीत नसेल असं मला वाटत नाही. पुढे कंपनीचा खरा माणूस आला, त्याने पान्ह्याने चारही बोल्ट काढले, भोकांना सोबत आलेली प्लास्टिकची बुचं लावली, आणि मशीन स्टँडशिवाय गुपचूप फिरायला लागलं. “हे बोल्ट जपून ठेवा, घर बदलाल तेव्हा परत लावावे लागतील,” हेही त्यानेच सांगितलं. भाडेकरूंनी तर हे नक्की लक्षात ठेवावं.

दुसरा डाव पाण्याचा. त्याने सांडपाण्याचा पाइप मोरीत जमिनीवर नुसता टाकून दिला. तसा टाकला की मशीनमध्ये आलेलं पाणी भरता भरताच खाली वाहून जातं. पाइपचं तोंड साधारण दोन ते तीन फूट उंच अडकवावं लागतं. मशीन पाणी घेतंय, घेतंय, आणि शेवटी पाण्याची एरर दाखवतंय. आमच्याकडे नळाला पाणी रोज येत नाही, त्यात हे असं भसाभस मोरीत चाललेलं! त्याचं निदान तयारच: “टाकीचं प्रेशर नाही. पंप बसवावा लागेल.” पंपासाठी ३,००० अ‍ॅडव्हान्स घेतला. पंप आजतागायत आलेला नाही.

मग ते ‘भाडेकरू किट’. ओट्याच्या एकाच नळावरून मशीन आणि डिशवॉशर दोन्हीला पाणी द्यायचं, भिंत न फोडता. कल्पना चुकीची नाही, पण किट म्हणजे एक वाय जोड आणि हातभर पाइप, किंमत १,४०० रुपये. तसाच जोड मला हार्डवेअरच्या दुकानात साडेतीनशेला दिसला. वर डिशवॉशरचं ‘कंपनी मीठ’ म्हणून लेबल नसलेली पुडी, ९०० रुपये. आत बारीक दळलेलं खायचं मीठ! डिशवॉशरला जाड दाण्याचं, आयोडीन नसलेलं मीठ लागतं आणि ते तळाच्या झाकणाच्या कप्प्यात जातं. या पठ्ठ्याने ते साबणाच्या डबीत ओतलं.

सगळ्यात भयंकर म्हणजे दोन्ही यंत्रं त्याने एकाच मल्टीप्लगमध्ये खोचून दिली. पाणी तापवताना दोन्ही साधारण दोन-दोन हजार वॅट घेतात, म्हणजे मिळून सतरा अँपिअरच्या वर. पॉइंट सोळाचा. दुसऱ्याच धुण्याला प्लग वितळल्याचा वास आला. आता डिशवॉशरला ओट्याचा पॉइंट आणि मशीनला वेगळा, तोही मालक काकांनी स्वतःच्या खर्चाने काढून दिला. ज्यांची एवढी भीती घातली, ते काका म्हणाले, “आधी मला नाही का विचारायचं, बेटा?”

पैसे यूपीआयने गेले, तेही कंपनीच्या नाही तर कुणा माणसाच्या खात्यात. पावती कच्ची, जीएसटी नंबर नाही. वॉरंटी कार्डावरच्या नंबरवर फोन केला तेव्हा कळलं की आमच्या नावाने कॉलच नोंदलेला नव्हता. नोंदला की तक्रार क्रमांकाचा मेसेज येतो, आणि काम झाल्यावर सांगायचा कोड वेगळा येतो. तो कोड काम पूर्ण होण्याआधी कोणालाच देऊ नका, खऱ्या माणसालाही नाही, कारण कोड दिला की कॉल बंद.

आम्ही ऑनलाइन फसवणुकीसाठीच्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, बँकेलाही कळवलं. अजून रुपयाही परत आलेला नाही. दुकानदाराशी किंवा कंपनीशी वाद असेल तर ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

तो नेटवरचा नंबर आता बंद लागतो, पण तशाच नावाचे नवे दिसतात. भुसावळच्या माझ्या मैत्रिणीकडे आरओच्या नावाने असाच एक येऊन गेला, त्यानेही आधी घर कोणाचं ते विचारलं. तुमच्याकडे कोणी ‘भाडेकरू किट’ काढलं, तर त्याच्यासमोरच कार्डावरचा नंबर लावा आणि फोन स्पीकरवर ठेवा.