मॅग्नेटिक केबल, आठ महिन्यांनी: घात केला तो काळ्या वाळूने

मॅग्नेटिक चार्जिंग केबलचं तिसरं टोक गेल्या आठवड्यात मेलं, म्हणून हा हिशेब. केबल ३०० रुपयांची, तीन टोकांसकट. टोक फोनच्या टाइप-सी पोर्टात बसून राहतं आणि केबल जवळ नेली की टचकन चिकटते, हे सगळ्यांना ठाऊक आहे. जाहिरातीत नसतं ते सांगतो: काळी वाळू.

रत्नागिरीच्या मिऱ्या, काळबादेवी, पूर्णगड पट्ट्यात पुळणीवर काळे पट्टे दिसतात. त्यात इल्मेनाइट आणि मॅग्नेटाइट ही लोखंड असलेली खनिजं असतात, आणि मॅग्नेटाइट चुंबकाला बिलगायला टपलेलंच असतं. खिशात चिमूटभर वाळू राहिली तरी त्यातले नेमके काळे कण टोकाभोवती मिशांसारखे उभे राहतात. मग केबल चिकटते, दिवाही लागतो, पण मधल्या स्प्रिंगच्या पिना नीट टेकत नाहीत. रात्रभर लावलेला फोन सकाळी ४० टक्क्यांवर. वर अर्धवट टेकलेली पिन तापते ती वेगळीच.

फुंकर मारू नका, तोंडाची वाफ आत जाते. आधी केबल चार्जरमधून काढा, कारण तिच्या उघड्या तोंडाशी ५ व्होल्ट असू शकतात. मग चिकटपट्टीचा तुकडा टोकावर दाबून झटक्यात उचला. असं तीन-चार वेळा, दर वेळी नवा तुकडा. कापडाने पुसलंत तर कण नुसते इकडचे तिकडे सरकतात. शेवटी मऊ टूथब्रशला आयसोप्रोपिल अल्कोहोलचे दोन थेंब लावून पिना घासा आणि दहा मिनिटं वाळू द्या. लाकडी काडीने पिन दाबून पाहा. परत वर उसळली नाही तर ती कामातून गेली. फोनच्या स्पीकरमध्येही चुंबक असतं, त्यामुळे त्याच्या जाळीवरही हेच कण बसतात आणि आवाज बसका येतो. तिथेही चिकटपट्टीच, अल्कोहोल मात्र नको.

पहिले दोन महिने माझं मत चांगलं होतं: खाऱ्या वाऱ्यात पोर्टाला आयतं बूच मिळालं. पावसाळ्यात ते बदललं. बूच घट्ट नसतं, दमट हवा आत शिरते आणि टोकामागे कोंडून राहते. मीठ, ओल आणि चार्जिंगचा व्होल्टेज एकत्र आले की स्वस्त टोकाचा पातळ मुलामा जातो आणि खालचं तांबं हिरवट पडतं. फोन ‘पोर्टमध्ये ओलावा’ म्हणून चार्जिंग बंद करतो ते उगाच नाही. अशा वेळी टोक काढा, पोर्ट खाली करून फोन पंख्याखाली ठेवा. तांदळाच्या डब्यात नको, पीठ आत जातं. आणि आयपी६८ या पाणीरोधक दर्जाची चाचणी गोड्या पाण्यात होते, समुद्राच्या नाही.

वेगाचं काय? माझ्या केबलला ५ व्होल्ट, २ अँपिअर, म्हणजे १० वॉट. ५००० एमएएचची बॅटरी भरायला अडीच-तीन तास धरा. तीन पिनांच्या साध्या टोकातून डेटा जात नाही, तेव्हा केबलने अँड्रॉइड ऑटो (गाडीच्या पडद्यावर फोनचे नकाशे-गाणी) लावायचा विचार सोडा.

बाकीच्या वस्तूंचं थोडक्यात. १५० रुपयांचं वॉटरप्रूफ पाउच म्हणजे फोनचं इरलंच. दाभोळ-धोपावे फेरीबोटीवर उपयोगी. ओल्या पाउचवर टच चालत नाही, म्हणून फोटो आवाजाच्या बटणाने काढायचा. आत धुकं धरतं, त्यासाठी सिलिका जेलची एक पुडी टाका. १०,००० एमएएचच्या पॉवरबँकेतून ५ व्होल्टला प्रत्यक्षात सहा-साडेसहा हजार एमएएचच मिळतात. गूगल मॅप्सचा ऑफलाइन नकाशा घरच्या वायफायवर उतरवून ठेवा, घाटात रेंजची वाट बघावी लागत नाही. ऑफलाइनमध्ये फक्त गाडीचा रस्ता मिळतो, पायवाटेचा नाही.

मेलेलं टोक बदलून मागितलं, त्यावर विक्रेत्याचं उत्तर: “गंज वॉरंटीत बसत नाही.” बसत नसेल, पण वाळूला गंज म्हणायचं? आता पुळणीवर जाताना टोक काढून २० रुपयांचं सिलिकॉनचं बूच लावतो आणि साधी केबल वापरतो. मॅग्नेटिक केबल आईच्या पलंगाशी टांगली आहे. तिला अंधारात पोर्ट दिसत नाही, केबल नुसती जवळ नेली की झालं. आणि पलंगाशी वाळू नाही.