एका इंजिनाच्या कॅटामरानसाठी चार पात्यांचा पंखा: घ्यावा का?

दोन हल (पाण्यात बसणारे बोटीचे सांगाडे), मधे बोगदा आणि त्याच्या मागे एकच आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून लावलेलं इंजिन). अशा बोटीवरचा तीन पात्यांचा ॲल्युमिनियमचा पंखा (प्रोपेलर) काढून चार पात्यांचा, कप (मागच्या कडेची किंचित वळवलेली किनार) दिलेला स्टेनलेसचा बसवला, की फरक पहिल्याच वळणावर कळतो. मात्र इंजिन चुकीच्या उंचीवर असेल, तर हा महागडा पंखाही तितकाच फसतो.

वळताना इंजिन किंचाळतं, आरपीएम (मिनिटाला फेरे) सरकन चढतात आणि बोट खाली बसते. याला सर्रास कॅव्हिटेशन म्हणतात, पण बहुतेक वेळा दुखणं वेगळं असतं: बोगद्यातून येणारं पाणी फेसाळ असतं आणि पंखा हवा खातो. कॅव्हिटेशनमध्ये पात्यावरचा दाब इतका उतरतो की थंड पाण्याचीही वाफ होते, आणि ते बुडबुडे फुटताना धातू कुरतडला जातो. पंखा उतरवून हात फिरवा. एखाद्या खाचेमागे किंवा पुढच्या कडेलगत खरखरीत खड्डे लागले तर कॅव्हिटेशन. पाती गुळगुळीत असतील तर आधी हवेवर संशय घ्या.

चौथ्या पात्यामुळे प्रत्येक पात्यावरचा भार कमी होतो. कप फेसातही पकड सोडत नाही. बोट कमी वेगातही प्लेनिंगवर (पाण्यावर उचलून धावण्याच्या स्थितीत) टिकते आणि रिव्हर्समध्ये लवकर थांबते. बदल्यात कमाल वेग थोडा जातो. कामाच्या बोटीला त्याचं दुःख नसावं.

पिच, म्हणजे एका फेऱ्यात पंखा हिशेबाने जितका पुढे जाईल ते अंतर, निवडताना घोळ होतो. तीनवरून चार पात्यांवर जाताना साधारण 1 इंच कमी घ्या. 1 इंचाने 150 ते 200 आरपीएमचा फरक पडतो. नेहमीचा भार ठेवून पूर्ण थ्रॉटलला आरपीएम उत्पादकाने दिलेल्या पट्ट्याच्या वरच्या भागात यायला हवेत. मग स्लिप (हिशेबाचा वेग आणि खरा वेग यांतली तूट) काढा: आरपीएमला गिअर रेशोने भागा, इंचातल्या पिचने गुणा, 1215 ने भागा, की हिशेबाचा वेग नॉटमध्ये मिळतो. 5500 आरपीएम, 2:1 रेशो, 15 पिच म्हणजे जवळपास 34 नॉट. जीपीएस 28 दाखवत असेल तर स्लिप साडेसतरा टक्के. सरळ धावतानाच हा आकडा तिशीपलीकडे गेला, तर नवा पंखा घेण्याआधी इंजिनाची उंची पाहा.

इंजिन बोटीला बसवायच्या भोकांपैकी एका वेळी एकच भोक खाली घ्या, सहसा 19 मिलिमीटर, आणि दर खेपेला तेच वळण त्याच वेगाने घ्या. पंख्यासमोर सोनारचा ट्रान्सड्युसर असेल तर तो बाजूला हलवा. हबच्या (पंख्याच्या मधल्या भागाच्या) मागची पसरट रिंग तुटली असेल तर एक्झॉस्टचा वायू पुढे पात्यांवर ओढला जातो. लक्षणं हुबेहूब तीच. रबरी हब घसरतोय का, हे पाहायला आतल्या बुशवरून (मधल्या नळीवरून) बाहेरच्या भागावर मार्करने एक सरळ रेघ मारा. जोर लावून आल्यावर रेघ तुटलेली दिसली, तर दोष हबचा.

धक्क्याजवळची अडचण मात्र हा पंखा सोडवत नाही. दोन लांब हल सरळच जायला बघतात, वारा वरच्या भागाला ढकलतो आणि एका इंजिनाला उलटसुलट जोर देता येत नाही. आधी स्टिअरिंग पूर्ण फिरवा, मग गिअर टाकून थ्रॉटलचा छोटा झटका द्या आणि लगेच न्यूट्रल. वेगात वळायचं असेल तर आधी ट्रिम (इंजिनाचा कल) आत घ्या.

खडकाळ, उथळ पाण्यात ॲल्युमिनियमचाच बरा: त्याचं पातं वाकतं, तर स्टेनलेसचा धक्का थेट गिअरकेसपर्यंत (इंजिनाच्या खालच्या गिअरपेटीपर्यंत) जाऊ शकतो.