रागसंगीताचा संग्रह: फोल्डर लावावेत की टॅग भरावेत?

यवतमाळ जिल्ह्यातील आमच्या गावात मोबाइलची रेंज भरवशाची नाही, त्यामुळे शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचा संग्रह आजही हार्डडिस्कवर आणि पेनड्राइव्हवरच असतो. कॅसेटी आणि सीडींवरून उतरवलेल्या अशा संग्रहाची मांडणी कशी करावी, या विचारात असलेल्यांसाठी फोल्डर आणि टॅग (गाण्याच्या फाइलच्या आतच नोंदवलेली माहिती) यांची ही तुलना आहे.

फोल्डरची पद्धत सोपी आहे, परंतु तिच्यात एका फाइलला एकच घर मिळते. भूप आणि देशकार या रागांचे स्वर तेच पाच. मात्र भूप रात्रीच्या पहिल्या प्रहराचा, गंधार वादी (म्हणजे मुख्य स्वर) असलेला, तर देशकार सकाळचा, धैवत वादी असलेला. हा भेद कानात मुरायचा असेल, तर दोन्ही राग निरनिराळ्या गायकांकडून लागोपाठ ऐकावे लागतात, आणि कलावंतनिहाय फोल्डरांत ते विखुरलेले राहतात. रागनिहाय फोल्डर केले, तर किशोरी आमोणकरांचे गायन एका जागी सापडत नाही. टॅगमध्ये राग, कलावंत, साथीदार, बंदिशीचे बोल असे सारे एकाच फाइलवर नोंदवता येते. विलंबित एकतालातील बडा ख्याल आणि द्रुत तीनतालातील छोटा ख्याल एकाच ध्वनिमुद्रणात असतील, तर फ्लॅक (आवाजाचा दर्जा न घटवणारा प्रकार) फाइलमध्ये तालाचा स्वतंत्र रकाना करून दोन्ही ताल लिहिता येतात. माझ्या मते रागसंगीतासाठी ही सोय सर्वांत मोलाची आहे. एमपीथ्रीमध्येही जादा रकाने करता येतात, पण ते सगळे प्लेअर दाखवत नाहीत.

फोल्डरची बाजू भक्कम होते ती पेनड्राइव्हवर. पडदा नसलेल्या साध्या स्पीकरवर टॅगचा काहीच उपयोग नाही, आणि गावातील बहुतेक ज्येष्ठ श्रोते त्याच्यावरच ऐकतात.

म्हणून माझा कौल टॅगला आहे, परंतु फाइलच्या नावातही राग आणि कलावंत असावेत. एमपीथ्रीटॅग हा विंडोजवर मोफत असलेला प्रोग्रॅम टॅगवरून फाइलींची नावे स्वतःच तयार करतो, त्यामुळे मेहनत दुप्पट होत नाही. लेखन मात्र आरंभीच ठरवून घ्यावे, कारण एकाच रागाचे नाव एके ठिकाणी ‘भूप’ आणि दुसरीकडे ‘भूपाली’ लिहिले, की संगणक त्यांना दोन वेगळे राग समजतो.