वेंगुर्ल्यात बुके पाठवणे: अकरा महिने, चौदा ऑर्डरी

मी पुण्यात, आई-बाबा वेंगुर्ल्यात. गेल्या जुलैपासून या मेपर्यंत मी त्यांना आणि तिथल्या नातेवाइकांना मिळून चौदा बुके पाठवले. पहिले तीन एका मोठ्या वेबसाइटवरून, एक कुरिअरने, आणि उरलेले दहा गावातल्याच एका फुलवाल्याकडून, व्हॉट्सॲपवर बोलून. वेबसाइटचं नाव लिहीत नाही. दोष एकट्या तिचा नव्हता, हे मला तिसऱ्या ऑर्डरीनंतर कळलं.

सुरुवात आईच्या सत्तरीपासून. साइटवर ४१६५१६ हा पिनकोड टाकला आणि हिरवी खूण आली, तेव्हाच मला गहिवरून आलं होतं. आमच्या पिनकोडला सहसा 'या ठिकाणी सेवा उपलब्ध नाही' हेच वाक्य बघायची सवय. काचेच्या फुलदाणीत वीस लाल गुलाब असं चित्र होतं. ९९९ रुपये, वर दीडशे डिलिव्हरीचे.

पत्त्यात मी वाडीचं नाव, दत्तमंदिराच्या मागे, गेटाशी मोठा चाफा, असं सगळं लिहिलं होतं. ते कोणी वाचलंच नाही. नकाशावरचा टिपका पडला होता थेट मच्छीमार्केटजवळ. मग डिलिव्हरीवाल्या मुलाने सरळ आईलाच फोन लावला, "काकी, तुमच्या चेडवान फुलां धाडल्यानी हत, घर खंय इला?" झालं सरप्राइज. त्यातही तारीख उलटून गेलेली. आईने मला फोन करून पहिलं वाक्य टाकलं ते असं: "इतके पैशे कित्याक घालवलंस? परड्यात फुलां काय कमी असत?"

फोटो आला तेव्हा मोजले. गुलाब बाराच. फुलदाणी नाहीच, त्याऐवजी चकचकीत प्लॅस्टिकचा कागद आणि भरपूर जिप्सी, म्हणजे ती भरीची बारीक पांढरी फुलं. चित्राखाली बारीक अक्षरात 'चित्र केवळ संदर्भासाठी' असं लिहिलेलं होतं, ते मी भांडायला बसल्यावर वाचलं. दुसऱ्या वेळी लिलीच्या जागी शेवंती आली. तिसऱ्या वेळी मावशीच्या ऑपरेशननंतर पाठवलेला बुके बाबांनी उलटा करून बघितला (ते प्रत्येक वस्तू उलटी करून बघतात), तर खाली एका स्थानिक दुकानाचं स्टिकर आणि मोबाइल नंबर.

मी तावातावाने फोन लावला. पलीकडचे दादा शांतपणे म्हणाले, "बाय, तुम्ही साइटीक किती दिलास?" मी म्हटलं, साडेअकराशे. "माका साडेपाचशे गावले. त्येच्यात वीस गुलाब कसे बसवू? चित्र ते लावतत, शिव्या मी खातंय." त्या दिवसापासून साइट बंद. मधे एकदा कुरिअरने येणारा खोक्यातला बुके मागवून पाहिला. दोन दिवस प्रवास, ऑक्टोबरची काहिली, जरबेऱ्याच्या माना मोडलेल्या. त्यावर याहून जास्त लिहिण्यासारखं नाही.

आता दादांच्या पद्धतीबद्दल, कारण खरा अनुभव तिथून सुरू होतो.

त्यांच्याकडे कॅटलॉग नाही. चित्र दाखवून 'असंच हवं' म्हणायची सोय नाही. फुलं बेळगाव-कोल्हापूरच्या बाजूने आंबोली घाट उतरून येतात, आठवड्यातून तीनदा: मंगळवार, गुरुवार, शनिवार. गाडी आली की नऊच्या सुमारास बादल्यांचा फोटो येतो. डच गुलाब वीसच्या गड्डीत, फुलाला जाळीची टोपी. जरबेरा दहाच्या जुडीत. गुलछडी, ग्लॅडिओ, कधी कार्नेशन, कधी ऑर्किड. त्यातून आपण सांगायचं. म्हणजे प्रश्न 'मला काय हवंय' असा विचारायचाच नाही. 'आज काय आलंय' असा विचारायचा, मासळीबाजारात विचारतात तसा. मला हे कळायला चार ऑर्डरी लागल्या, आईला एका वाक्यात कळलं.

यातून एक हिशेब आपोआप सुटतो. सोमवारी पाठवलेला बुके हा शनिवारच्या फुलांचा असतो. तोच मंगळवारी दुपारी पाठवला तर घरी दोन दिवस जास्त टिकतो. त्यामुळे वाढदिवस सोमवारी आला तर मी बेधडक मंगळवारी पाठवते आणि उशीर झाला असं खोटं सांगते.

पावसाळ्यात ही शिस्त मोडते. आंबोलीत दरड आली की गाडी अडकते, किंवा येते पण भिजलेली. भिजलेल्या गुलाबाच्या पाकळीवर तपकिरी ठिपके उठतात, ती बुरशी. दमट हवेत ती रात्रीत पसरते. ऑगस्टमध्ये एकदा दादांनी स्वतःच कळवलं, "गुलाब बरे नाय. नको घेवा." पैसे आधीच गेले होते, त्यांनी ते पुढच्या वेळेला धरले. साइटवर हे वाक्य ऐकायला मिळालं नसतं. त्याऐवजी त्यांनी गावातल्याच एका पोफळीच्या बागेतून हेलिकोनियाचे चार दांडे, लाल आल्याची दोन फुलं आणि खाली नारळाच्या चुडताची (झावळीची) विणलेली टोपली असं काहीतरी रचून पाठवलं. ४५० रुपये. नऊ दिवस टिकलं. चौदापैकी सगळ्यात देखणं तेच होतं, आणि त्यातलं काहीही घाट उतरून आलेलं नव्हतं. दमट सावली ही हेलिकोनियाच्या आवडीची, म्हणून नारळी-पोफळीखाली तो छान होतो. पण गावात मागणी लाल गुलाबाचीच. हेलिकोनिया दिला तर लोक 'केळीचं फूल दिलं' म्हणून परत आणतात, असं दादा म्हणाले.

गणपतीत मात्र नाद करू नये. त्या दिवसांत दुकान हार, तोरणं आणि मखराची फुलं यांत बुडालेलं असतं. मी चवथीच्या आदल्या दिवशी बुक्याचं विचारलं, उत्तर पाच दिवसांनी आलं. चूक माझीच. तुळशीच्या लग्नानंतर लग्नसराई लागली की पुन्हा तेच. फेब्रुवारीत दुसऱ्या आठवड्यात गुलाबाचा दर दुपटीवर गेला. मावळातला चांगला गुलाब तेव्हा परदेशी जातो आणि उरलेल्यावर शहरं तुटून पडतात, गावापर्यंत येते ती शेंड्याला वाळलेली गड्डी. चौदा फेब्रुवारीला बायकोसाठी बुके हवा असणाऱ्या वेंगुर्लेकरांना माझा सल्ला: तेरा तारखेला भांडू नका आणि सोळाला द्या.

टिकण्याबद्दल थोडं. आमच्या घरी बुके किती दिवस राहतो हे फुलांपेक्षा आई-बाबांवर अवलंबून होतं, आणि त्या दोघांनी मिळून जेवढे प्रयोग करता येतील तेवढे केले. दांड्याचं टोक तिरकं कापून लगेच पाण्यात ठेवणं, पाण्यात बुडणारी पानं काढणं, पाणी रोज बदलणं, हे दादांनी कागदावर लिहून दिलं होतं. बाबांनी तो कागद फ्रिजवर चिकटवला आणि त्यातलं काही केलं नाही. शेजारच्या काकींनी 'फुलं फ्रिजमध्ये ताजी राहतात' सांगितल्यावर आईने अँथुरियम बांगड्यांच्या डब्याशेजारी ठेवले. गुलाब गारव्यात टिकतो, अँथुरियम आणि ऑर्किड हे उष्ण प्रदेशातले जीव, त्यांना फ्रिजची थंडी बाधते. सकाळी ते काळेनिळे झाले होते. वर बांगड्यांचा वास.

जरबेऱ्याला फुलदाणी भरून पाणी घालू नका. त्याचा दांडा मऊ, लव असलेला, खोल पाण्यात कुजतो. चार बोटं पाणी पुरतं. हे एक पाळल्यावर जरबेरा तीनचा सात दिवस झाला. एप्रिलमध्ये विहिरीचं पाणी मचूळ होतं तेव्हा गुलाब दुसऱ्याच दिवशी मान टाकायचे. बाबा म्हणाले फुलं शिळी, दादा म्हणाले पाणी खारं. नळाच्या पाण्यावर ठेवून बघितलं. दादा बरोबर निघाले. बाबांनी अजून मान्य केलेलं नाही.

सगळ्यात मोठा गोंधळ याच महिन्यात झाला. लग्नाच्या वाढदिवसाला मी मुद्दाम कार्नेशन पाठवली, कारण कार्नेशन म्हणजे दोन आठवड्यांची निश्चिंती असं वाचलं होतं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळी फुलं झोपल्यासारखी आत मिटली. मी दादांना फोन केला, आवाज जरा चढलाच. त्यांनी एकच विचारलं, "घरात आंबे घातलेत?" घातले होते. मधल्या खोलीत पेंढ्याची अढी, पाच डझन हापूस, आणि आईने 'थंड खोली' म्हणून फुलदाणी बरोबर तिथेच ठेवलेली. पिकणाऱ्या आंब्यातून इथिलीन वायू सुटतो. त्याच वायूने शेजारचा आंबा पिकतो आणि त्यानेच कार्नेशन म्हातारं होतं. केळ्याचा घड असला तरी तेच. कोकणात मे महिन्यात फुलं पाठवणाऱ्याने पहिला प्रश्न अढीचा विचारावा, हे कुठल्याही साइटच्या सूचनांत मी वाचलेलं नाही.

आणखी एक कुरबूर, ती बाबांची. वेंगुर्ल्यात कचरा वेगवेगळा करून द्यावा लागतो, आणि गाव त्याबाबत कडक आहे. साइटच्या बुक्यात हिरवा स्पंज, सेलोफेन, रिबीन, टाचण्या, तार. बाबा अर्धा तास चष्मा लावून ते सोडवत बसायचे. स्पंज ओल्या कचऱ्यात दिला म्हणून परत आला, कारण तो दिसतो मातीसारखा आणि असतो प्लॅस्टिक. दादांना सांगितल्यावर ते आता साधा खाकी कागद आणि केळीचं सोपट वापरतात, निदान आमच्यासाठी तरी.

दादांचे दोष लिहिले नाहीत तर हा अनुभव अर्धा राहील. संध्याकाळी सातनंतर फोन उचलत नाहीत. बिल मागितलं तर हसतात. कार्डावरचा मजकूर हमखास चुकतो: बहिणीच्या नवीन दुकानाला 'हार्दिक शुभेच्छा' ऐवजी 'हार्दिक श्रद्धांजली'चं छापील कार्ड गेलं होतं. गेटाशी पोचेपर्यंत मुलाच्या लक्षात आलं म्हणून निभावलं. आणि साइटसारखी 'ऑर्डर आता इथे आहे' अशी रेघ दिसत नाही. पोचला की आईचा फोन येतो, तीच पावती.

चौदापैकी मला आठवत राहील तो मार्चमधला, आणि तो धड बुकेही नव्हता. निशिगंधाच्या वीस काड्यांसोबत दादांनी न सांगता सुरंगीचा वळेसर, म्हणजे गजरा, पाठवला, बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या एका आजींकडून घेतलेला. पन्नास रुपये, तेही मी विचारल्यावर सांगितले. सुरंगी जुन्या फांदीला चिकटून घोसाने येते, देठ बोटाच्या पेराएवढाही नाही. फूल पुरतं उमलायच्या आत पहाटे काढावी लागते, त्यासाठी कोणीतरी त्या उंच झाडावर चढलेलं असतं. अबोली, बकुळ, मोगरा, आमच्याकडची बहुतेक फुलं अशीच बिनदांड्याची. ती माळायची, ओवायची, देवाला वाहायची. कागदात गुंडाळून हातात द्यायचं फूल कोकणात घाटावरून पाहुणं म्हणून येतं. आई म्हणाली होती ना, परड्यात काय कमी असत. मी ते कुरकुर म्हणून ऐकलं होतं.

निशिगंध हॉलमध्ये टीव्हीशेजारी राहिला, वळेसर दिवसभर आईच्या अंबाड्यात. रात्री तिने तो साडीच्या घडीत ठेवला. सुरंगी वाळली तरी वास सोडत नाही. परवा गावी गेले तेव्हा कपाट उघडलं, तर अजून येत होता.

पुढची ऑर्डर बाबांच्या पंच्याहत्तरीची, जूनमधली. कॅलेंडर बघितलं, बुधवार आहे, म्हणजे मंगळवारची गाडी चालेल. दादांना मेसेज टाकून ठेवलाय: घाट चालू असला तर गुलाब, नसला तर हेलिकोनिया. कार्ड कोरं पाठवा, मजकूर आई लिहील.