पाणीटंचाईची गोष्ट मुलांना कुठली सांगायची? कहाणी, लातूरची रेल्वे की हिवरे बाजार

मुलांसाठी पाण्यावरची गोष्ट शोधत असाल तर 'नळ बंद कर, पाणी वाचव' टाइपच्या गोष्टी आधी बाजूला ठेवा. ज्या घरात रोज नळाला पाणी येतं तिथल्या मुलाला त्यातून फक्त बोलणी खाल्ल्यासारखं वाटतं, टंचाई काही कळत नाही. पाणी कुणाला मिळालं, कुणाला नाही आणि हे ठरवलं कुणी, एवढं गोष्टीत दिसायलाच हवं असं माझं ठाम मत आहे.

पाच-सहा वर्षांच्या मुलांना मी डोळे झाकून खुलभर दुधाची कहाणी सांगेन. राजाला महादेवाचा गाभारा दुधानं भरायचाय म्हणून गावातलं सगळं दूध देवळात जातं, पोरंबाळं उपाशी, वासरं उपाशी, तरी गाभारा भरतच नाही, आणि म्हातारी आधी घरच्यांना नि वासरांना पोटभर देऊन उरलेलं खुलभर दूध घेऊन जाते तर भरतो. दुधाच्या जागी पाणी ठेवा आणि विचारा, सोसायटीत आज एकच टँकर आला तर आधी कुणाला द्यायचं? मुलं लगेच भांडायला लागतात, आणि तेच हवंय.

शिळासप्तमीची कहाणी मात्र ह्या वयाला नको. तळ्याला पाणी लागत नाही म्हणून जलदेवता राजाच्या सुनेचा थोरला मुलगा बळी मागतात, सुनेला माहेरी पाठवून राजा तो देतो आणि तळं भरतं. मूल शेवटी परत मिळतं हे खरं, पण झोपताना ऐकणाऱ्याच्या मनात भीतीच राहणार, शिवाय दुष्काळ म्हणजे देवाचा कोप असंही डोक्यात बसतं. बारा-तेराच्या पुढे जरूर सांगा, तेव्हा 'सुनेला विचारलं का नाही' ह्यावर छान बोलता येतं.

लातूरची पाण्याची रेल्वे मुलांना सगळ्यात जास्त आवडते, साहजिक आहे, रेल्वे आहे ना. एप्रिल २०१६, लातूरला पाणी देणारं मांजरा धरण कोरडं, मिरजेहून टाक्यांचे डबे भरून गाडी निघते, पहिल्या खेपेला १० डबे, नंतर ५०. ऐकायला भारी, पण गाडी आली की गोष्ट संपते आणि मुलाला वाटतं प्रश्न सुटला. म्हणून सांगायचीच असेल तर गाडीच्या आधीचं सांगा, पाणवठ्यांवर मारामाऱ्या होतील म्हणून शहरात जमावबंदीचं १४४ कलम लावलं होतं, आणि त्याच भागात उसाचे मळे होते. मुलं स्वतःच विचारतात, मग ऊस कशाला लावला?

आणि ह्या प्रश्नाचं उत्तर हिवरे बाजार ह्या गावात आहे. आठ-नऊच्या पुढच्यांसाठी माझी पहिली पसंती हीच. नगर जिल्ह्यातलं कमी पावसाचं गाव, पोपटराव पवार सरपंच झाल्यावर गावानं बांधबंदिस्ती केली, झाडं लावली, शेतीसाठी बोअर घ्यायची नाही असं ठरवलं, आणि दरवर्षी पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद मांडायला लागले, आधी माणसं नि जनावरं, मग उरलेल्यात कुठली पिकं ते ग्रामसभा ठरवते. अडचण एकच, ह्यात खलनायक नाही, नुसती सांगत बसलात तर मूल्यशिक्षणाचा तास होतो. म्हणून दहा पेले पाणी घेऊन बसा, चार पेले माणसांचे नि गुरांचे बाजूला काढा, उरलेल्या सहात ज्वारी की ऊस ते मुलांवर सोडा, उसाला पाच पेले लागतात असं सांगितलं की ज्याला शेजारचा शेतकरी केलंय त्या मुलाचा चेहरा बघा!

घरात आजी-आजोबा असतील तर बहात्तरचा दुष्काळ त्यांच्याच तोंडून ऐकवा, खडी फोडायची कामं, तिथे खायला मिळणारी सुकडी, बाहेरून आलेली लाल मिलो ज्वारी. बरेच जण म्हणतात तेव्हा धान्य नव्हतं पण विहिरीत पाणी होतं. हे हिवरे बाजारनंतर ऐकवलंत तर 'मग ते विहिरीतलं पाणी गेलं कुठं' म्हणत मुलं आपणहून बोअरच्या मुद्द्यावर येतात, म्हणून क्रम तसाच ठेवा.